हळदीची रेघ

“एका माणसाला तीन-तीन ‘क’ कशाला लागतात?” मी खुर्ची वळवून उदयदादाला विचारलं. “एका ‘क’नं भागत नाही का?”

उदयदादा मगदूम म्हणजे आमच्या कंपनीचा मालक, आणि कंपनी म्हणजे सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या गोदामावरची एक खोली. खाली पोती उतरायला लागली की वर आमचे कीबोर्ड पिवळे व्हायचे. मी ओला रुमाल घेऊन बसायची आणि दिवसभर कुरकुरायची. मोबाइलवरचे खेळ करायचे म्हणून मी पुण्याची चांगली नोकरी सोडून आले होते, तेव्हा कुरकुरायचा हक्क आपल्याला आहेच असं मी धरून चालले होते.

“मला काय विचारतीस?” उदयदादा म्हणाला. “चाचा समोरच बसलेत, त्यांनाच विचार की.”

दस्तगीर मुजावर खिडकीपाशी चहा पीत बसले होते. मिरजेचे पेंटर. एके काळी मिरज-सांगलीतल्या दुकानांवर जिकडं बघावं तिकडं त्यांच्याच पाट्या असायच्या. फ्लेक्स आले आणि ते काम बसलं. आम्ही ‘जत्रा’ नावाचा खेळ करत होतो. त्यात आपण पाळणा लावायचा, भेळेचा गाडा लावायचा, आणि दुकानदार एकमेकांशी भांडतात, गिऱ्हाइकाला टोमणे मारतात, ते सगळं पडद्यावर लिहून यायचं. ती अक्षरं जत्रेतल्या पाटीवर असतात तशी पाहिजेत म्हणून उदयदादानं चाचांना बोलावून घेतलं होतं. ते घरी कागदावर अक्षरं काढून आणायचे, मी ती स्कॅन करून खेळात बसवायची.

“हाताचं अक्षर हाय, ताई,” ते म्हणाले. “शिक्का न्हवं. दर खेपेला जरा वेगळं येणारच. तीन-तीन ठेवली की वाक्य जिवंत वाटतंय बघा.”

“वाक्य जिवंत वाटतंय, पण फोन मरतोय त्याचं काय करू?”

ते हसले. चहाचा ग्लास त्यांनी दोन्ही हातांत धरला होता, थंडीत धरतात तसा. माझ्या तोंडाळपणावर ते कधी चिडायचे नाहीत, आणि त्यामुळे मला जास्तच चेव यायचा.

फोन मरत होता हे मात्र खरं होतं. त्या वेळच्या स्वस्त फोनवर मराठी धड दिसायची नाही. जोडाक्षरं फुटायची, वेलांटी भलतीकडंच जाऊन बसायची. म्हणून आम्ही फोनच्या अक्षरांच्या वाटेलाच जात नव्हतो. आपली सगळी अक्षरं एका मोठ्या चित्रात ओळीनं मांडायची, त्याला आम्ही तक्ता म्हणायचो. पडद्यावर वाक्य आलं की तक्त्यातली हवी ती अक्षरं उचलून शेजारीशेजारी लावायची. तक्ता एकच असला की फोन सगळं वाक्य एका दमात लावून मोकळा होतो. चाचांच्या तीन-तीन अक्षरांचे तीन तक्ते झाले होते. एक ‘क’ या तक्त्यातला, पुढचा ‘ळ’ त्या तक्त्यातला, परत पहिल्यावर ये. एका भाजीसाठी तीन घरांतून मसाले आणावेत तशी फोनची पळापळ व्हायची. पाळणा अडखळत फिरायचा, आणि भेळवाला बोलायला लागला की सगळी जत्राच थांबायची.

सोमवारी पुण्याहून माणसं येणार होती. त्यांची कंपनी एक स्वस्त फोन काढणार होती आणि खेळ पसंत पडला तर तो प्रत्येक फोनमध्ये आधीपासून घालून देणार होती. त्यांनी तो फोन आम्हाला पाठवून दिला होता. आमचा खेळ त्याच्यावर चालत नव्हता.

त्या संध्याकाळी जिन्यात उदयदादानं मला थांबवलं. “शनिवारपर्यंत चाचांची अक्षरं बसली तर बसली. नाहीतर ते विकतचं अक्षर घालून टाक. ते एका तक्त्यात बसतंय.”

“आणि चाचा?”

“अक्षरं राहिली तर पुढच्या खेळाला पण त्यांनाच घेणार. नाही राहिली तर…” त्यानं मान खाजवली. “त्यांना दुसरं काय काम देऊ, तूच सांग. चित्रं काढायला पोरं आहेत. मी त्यांना तसं बोललोय, अंधारात नाही ठेवलं.”

म्हणजे चाचांना माहीत होतं. माहीत असूनही ते रोज दुपारी मिरजेहून येत होते, दोन्ही हातांनी चहा पीत होते आणि तीन-तीन अक्षरांचा हट्ट सोडत नव्हते. मला त्या हट्टाचा राग आला. कलाकार माणसाची मिजास, दुसरं काय, असं मी घरी जाताना स्वतःशीच बडबडले.

शुक्रवारी मी त्यांना न विचारता कात्री चालवली. प्रत्येक अक्षराचं एकच रूप ठेवलं, बाकीची दोन उडवली. सगळा मेळा एका तक्त्यात कसाबसा बसला. फोनवर खेळ चालू केला, पाळणा झोकात फिरायला लागला, आणि मी उदयदादाला हाक मारली.

त्यानं फोन डोळ्यांजवळ नेला. “चालतंय मस्त,” तो म्हणाला. मग फोन जरा लांब धरला. “पण हे असं काय दिसतंय गं?”

मी बघितलं. भेळवाल्याचं वाक्य पडद्यावर होतं, आणि त्याच्या डोक्यावरची रेघ करवतीच्या दातांसारखी झाली होती. एका अक्षराची रेघ वर, दुसऱ्याची खाली, तिसऱ्याची तिरकी. एकही दुसरीला मिळत नव्हती. आधी, तीन-तीन रूपं असताना, हे कुणाच्या डोळ्यांत भरलं नव्हतं. आता प्रत्येक ‘क’ त्याच जागी वाकडा होता आणि प्रत्येक ‘र’ त्याच जागी दचकलेला. एकदा दिसलं की दुसरं काही दिसतच नव्हतं.

“चाचा,” उदयदादानं हाक मारली, “जरा बघा.”

चाचा उठून आले. फोन हातात न घेता, वाकून, उदयदादाच्या हातातच त्यांनी तो पाहिला. बराच वेळ पाहिला.

“ताई, बाकीची दोन काढली का?”

“काढली. नाहीतर बसत नव्हती.”

“हं,” ते म्हणाले.

“रेघा कशा एकीला एक लागत नाहीत? तुमच्या पाट्यांवर तर…” मी बोलत होते, पण त्यांनी पिशवी उचलली होती.

“आज जरा लवकर जातो,” ते उदयदादाला म्हणाले.

तेवढ्यात कुरिअरवाला आला. तो नेहमीप्रमाणे दारात उभ्या असलेल्या माणसापुढं कागद धरायला गेला. चाचा बाजूला झाले. “ताई, तुम्हीच करा सही. माझा हात रंगाचा हाय,” ते म्हणाले आणि जिना उतरून गेले. मी सही केली. हे ते नेहमीच म्हणायचे.

शनिवारी सकाळी मी स्कूटीवरून मिरजेला गेले. माझं साधं गणित होतं. काना, मात्रा आणि नेहमी लागणारी दहा-बारा अक्षरं त्यांच्याकडून समोर बसून नीट काढून घ्यायची, रेघ रेघेला मिळवून. दुपारपर्यंत काम संपलं असतं. नाही म्हणाले तर दोन शब्द सुनवायचेही होते.

सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीमागं त्यांचं घर. पुढच्या खोलीत भिंतीला टेकवून एक जुनी लाकडी पाटी ठेवली होती, कुठल्याशा किराणा दुकानाची, बंद पडल्यावर परत आणलेली. अक्षरं हातभर उंचीची. आणि वरची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत कशी, तर बघत राहावी. मला आणखीच राग आला. एवढी येते, मग आम्हालाच का असली दिली?

चाचीनं पाणी दिलं. चाचा आतून आले, मला बघून क्षणभर थबकले.

“ताई, तुम्ही इथं?”

“अक्षरं काढून घ्यायला आलेय. थोडीच आहेत. आत्ता काढा, मी घेऊन जाते.”

“ठेवून जा की यादी. सोमवारी सकाळी देतो.”

“सोमवारी माणसं येणार आहेत, चाचा. आज द्यायची.”

“मग सांजच्याला पाठवतो कुणाबरोबर.”

“मी थांबते ना. एक ‘क’ काढायला कितीसा वेळ लागतोय?”

त्यांनी चाचीकडं पाहिलं. चाची आत निघून गेली. चाचा खाली सतरंजीवर बसले, पुढं पाट ओढला, कागद घेतला आणि बोरू उचलला.

बोरू कागदावर टेकायच्या आधीच हलत होता. म्हणजे हात हलत होता. बारीक, न थांबता. त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं, श्वास रोखला आणि रेघ ओढली. रेघ तीनदा दचकली. त्यांनी तो कागद बाजूला ठेवला आणि दुसरा घेतला. मग तिसरा.  पाटाशेजारी कोपऱ्यात कागदांचा गठ्ठा होता, आणि आता मला दिसलं की त्या सगळ्या कागदांवर ‘क’ होते. नुसते ‘क’. त्यांतले जरा बरे असलेले तीन आमच्याकडं आले होते.

 चौथ्या कागदाकडं त्यांचा हात गेला, तसा मी तो कागद माझ्याकडं ओढून घेतला.

“राहू द्या, चाचा,” मी शेवटी म्हणाले.

त्यांनी बोरू खाली ठेवला आणि उजवा हात मांडीखाली सरकवला. “डॉक्टर म्हणतात, हे थांबणारं न्हवं. गोळ्या हायत. सकाळी उठल्यावर जरा बरं असतंय, मग वाढत जातंय.” थोडं थांबून म्हणाले, “तीन दिली की कळत नाही, ताई. ह्या खेपेला हितं हललंय, त्या खेपेला तितं. बघणारा म्हणतोय, हाताची मजा हाय. एकच ठेवलं की ते दर वेळी तितंच हलतंय. मग मजा राहत नाही, खोट दिसती.”

चहाचा ग्लास, कुरिअरची सही, फोन हातात न घेणं, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. रंगाचा हात म्हणे. या घरात रंगाचा वासही नव्हता.

“उदयसाहेबांना सांगू नका,” ते म्हणाले. “अक्षरं चालली नाहीत म्हणून काढलं तर चालंल. हातापायी काढलं असं नको.”

“नाही सांगत,” मी म्हणाले. मग मी भिंतीकडच्या पाटीकडं बघितलं. ती रेघ. मला वाटलं, निदान जुन्या आठवणीनं त्यांना बरं वाटेल.

“ही तुमचा हात चांगला होता तेव्हाची ना? केवढी सरळ रेघ आलीय.”

चाचा चक्क हसले. “ती रेघ हाताची न्हवंच. दोऱ्याची हाय. एवढी लांब रेघ कुणाच्या हातानं सरळ येती? आम्ही आधी दोरा मारायचो. रंगाच्या पुडीत घोळलेला दोरा दोघांनी ताणून धरायचा, मधनं उचलून सोडला की फळीवर रेघ उमटती. रेघ आधी. मग तिला एकेक अक्षर टांगायचं. अक्षर जरा डुललं तरी चालतंय, उलट बरं दिसतंय. रेघ डुलली की संपलं.”

“आणि आम्हाला दिलेल्या अक्षरांना?”

“तितं तुम्ही सुटं सुटं मागितलं. मग ज्याची रेघ त्याच्या डोक्यावर काढली.”

मी पाटीवरची नजर काढून त्यांच्याकडं पाहिलं. आपण काय करून बसलो होतो ते मला तेव्हा कळलं. इंग्रजी खेळांत अक्षरं सुटी असतात, तसा तक्ता करायचा म्हणून मीही प्रत्येक अक्षर सुटं, आपापली रेघ घेऊन मागवलं होतं. तीच एक रेघ तक्त्यात शेकडो वेळा साठवून ठेवली होती. प्रत्येकीनं जागा खाल्ली होती, आणि त्यातली एकही दुसरीला मिळत नव्हती.

“चाचा, रेघा मी पुसून टाकते,” मी म्हणाले. “सगळ्या अक्षरांच्या. तुम्ही काढलेली अक्षरं तशीच, फक्त बोडकी. रेघ तक्त्यात एकच ठेवायची. आधी शब्दाएवढी रेघ ताणायची आणि मग तिला अक्षरं टांगायची. फोन तेच करेल. ‘ध’ आणि ‘भ’च्या डोक्यावर रेघ तुटलेली असते, तिथं तेवढी तोडायची. आणि रेघांची एवढी जागा सुटली तर काही अक्षरांची दोन-दोन रूपंसुद्धा राहतील.”

त्यांनी ऐकून घेतलं. “म्हणजे आता मला नवं काय काढायचं?”

“एक रेघ.”

त्यांनी मांडीखालचा हात बाहेर काढला आणि माझ्यासमोर धरला. “हेच तर होत नाही.”

“हाताची कोण मागतंय? दोरा आहे का घरात?”

दोरा होता. पूड नव्हती. नीळ नाही, गेरू नाही, कोळसा नाही. आतून चाचीनं सगळं ऐकलंच असणार, ती मिसळणाचा डबा घेऊन बाहेर आली आणि त्यातली हळदीची वाटी तिनं आमच्यापुढं ठेवली. मी कपाळाला हात लावला. हळदीपासून सुटका नव्हतीच. “रंग मी बदलते कॉम्प्युटरवर,” मी म्हणाले, “चालेल.”

चाचांनी दोरा हळदीतून ओढून घेतला. त्यांच्या बोटांबरोबर दोराही थरथरत होता आणि सतरंजीवर पिवळे कण सांडत होते. मी कागदाच्या डाव्या टोकाला दोरा दाबून धरला. उजवं टोक त्यांनी डाव्या हाताच्या अंगठ्याखाली दाबलं.

“ताणा अजून,” ते म्हणाले. “सैल हाय. दोऱ्यातनं गाणं आलं पाहिजे.”

मी ताणला. दोऱ्याची थरथर थांबली. त्यांचा उजवा हात हलतच होता. तो हलता हात त्यांनी दोऱ्यावर आणला, चिमटीत मधोमध धरला, वर उचलला आणि सोडला.

टप्प असा आवाज झाला. आम्ही दोरा बाजूला घेतला. कागदावर पिवळी रेघ होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत, जराही न दचकलेली. कडांना पुडीचे बारीक कण, जुन्या पाटीवर असतात तसे. चाची म्हणाली, “आली की.”  चाचांचे डोळे भरले होते. माझेही भरले होते, आणि मी ते हळदीवर ढकललं.

उदयदादाकडून एक दिवस जास्तीचा मागून घेतला आणि ती दुपार न् रविवार मी रेघा पुसण्यात घालवला. एकेक अक्षर बोडकं करून परत मांडलं. वाक्य एकदा तयार झालं की ते बदलेपर्यंत तसंच ठेवायचं, सारखं नव्यानं लावत बसायचं नाही, हेही केलं. तक्ता एकच झाला आणि वर जागा उरली. ‘क’, ‘र’, ‘त’ आणि काना यांची दोन-दोन रूपं मी परत आत घेतली.

सोमवारी पुण्याची माणसं आली, खेळ खेळली, भेळवाल्याच्या टोमण्यांना हसली. त्यांच्यातल्या एकानं अक्षर कुठून विकत घेतलं म्हणून विचारलं. उदयदादानं खिडकीपाशी बसलेल्या चाचांकडं बोट दाखवलं. पाहुणे गेल्यावर त्यानं दार लावून घेतलं आणि आनंदानं टेबलावर थाप मारली.

“चाचा, पुढच्या खेळाला नवीन अक्षर. एकदम वेगळं. उद्यापासून लागा.”

मी खाली मान घालून कीबोर्ड पुसायला लागले. सांगणार नाही असं मी कबूल केलं होतं. चाचा उठले, टेबलापाशी आले आणि आतापर्यंत कधी केलं नव्हतं ते त्यांनी केलं. फोन उजव्या हातात घेतला.

फोन हलायला लागला. उदयदादाचं हसू हळूहळू उतरलं. फोन थरथरत होता, त्यामागचं मनगट थरथरत होतं, आणि पडद्यावर भेळवाल्याचं वाक्य आपल्या रेघेला नीट टांगलेलं होतं.

“उदयसाहेब,” चाचा म्हणाले, “हात असा हाय. आता बघा तुम्हीच.”

खाली पोती उतरत होती. उदयदादानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, “रेघ मारायला तशीही दोन माणसं लागतात, दादा.”

त्यानं चाचांच्या हातातून फोन अलगद काढून घेतला. मग म्हणाला, “हे दिवसभर असंच असतंय, का कधी जरा बरं असतंय?”

“सकाळी,” मी म्हणाले.

“मग उद्यापासून ऑफिस सकाळी लवकर उघडू.”

पुढं चार खेळ आम्ही तसेच केले. शेवटच्या खेळाला चाचा नुसते शेजारी बसून सांगायचे आणि बोरू माझ्या हातात असायचा. माझी अक्षरं त्यांना कधी पसंत पडली नाहीत. आता तेही नाहीत.

कंपनी मोठी झाली, गोदामावरून हलली. आता फोन एवढे ताकदवान आहेत की कुणी तक्त्याची काळजी करत नाही. पण आमच्या खेळांत मराठी वाक्य येतं तेव्हा त्याच्यावर अजून तीच रेघ ताणली जाते. तिच्या उजव्या टोकाला एक फिकट डाग आहे. पडद्यावर अगदी नीट बघितलं तर प्रत्येक शब्दाच्या शेवटी तो दिसतो. नव्यानं आलेलं कुणीतरी दर वर्षी मला येऊन सांगतं, मॅडम, रेघेत कचरा राहिलाय, साफ करू का?

तिथं चाचांचा अंगठा होता. मी त्यांना म्हणते, हात लावू नका.